भिंतीवरच्या शोभेच्या थाळ्या पुन्हा पुन्हा पडतात किंवा तिरक्या होतात: सोलापूरच्या घरांसाठी तपासणीचा क्रम

भिंतीवर टांगलेली शोभेची थाळी पडली की बहुतेक घरांत एकच उपाय केला जातो. त्याच भोकात थोडा जाड खिळा ठोकतात आणि थाळी शाबूत राहिली असेल तर ती पुन्हा तिथेच टांगतात. काही महिन्यांनी, बहुधा उन्हाळ्यात, ती पुन्हा पडते. स्वतःच्या घरी, नणंदेच्या जुळे सोलापुरातील फ्लॅटमध्ये, मामांच्या शुक्रवार पेठेतील दगडमातीच्या वाड्यात आणि पूर्व भागात यंत्रमागांना खेटून असलेल्या एका मैत्रिणीच्या घरी हा दोष मी गेली अनेक वर्षे इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की आता कुणी थाळी पडल्याचे कळवले, तर मी खिळ्याची चौकशी करत नाही. पडलेल्या वस्तूच्या पाठीला काय चिकटून आले आहे, हेच आधी विचारते.

यामागचे कारण सरळ आहे. थाळीचे वजन तिच्या पकडीवर, म्हणजे काठाला धरणाऱ्या तारेच्या चौकटीवर येते, पकडीचे खिळ्यावर किंवा हुकावर, खिळ्याचे गिलाव्यावर आणि गिलाव्याचे विटेवर किंवा दगडावर. चिकटवायचा हुक असेल, तर मध्ये रंगाचा थरही येतो. या साखळीतला जो सांधा सर्वांत कच्चा असेल तोच सुटतो, आणि तो कोणता हे पडलेल्या वस्तूवर स्पष्ट दिसते. म्हणून थाळी पडल्यावर तुकडे लगेच झाडून टाकू नयेत. हुक, खिळा, तार आणि भिंतीतून आलेली भुकटी एका कागदावर गोळा करावी, भिंतीवरच्या जागेचा मोबाइलवर एक फोटो काढावा आणि मगच जमीन झाडावी.

लक्षणे

सर्वांत जास्त वेळा आढळणारे लक्षण म्हणजे चिकटवलेला हुक थाळीसकट खाली येतो आणि हुकाच्या पाठीवर रंगाचा पापुद्रा किंवा पांढरी भुकटी दिसते. येथे गोंदाने आपले काम चोख केलेले असते. त्याने रंगाला घट्ट धरलेले असते, पण रंगानेच भिंत सोडलेली असते. हुकाची पाठ मात्र स्वच्छ असेल आणि चिकटपट्टी ताणलेल्या अवस्थेत भिंतीवरच राहिली असेल, तर उष्णतेने गोंद मऊ झाला असे समजावे.

खिळा उपसून आला असेल, भोकातून वाळू किंवा माती झरत असेल आणि भोवती बशीच्या आकाराचा टवका उडाला असेल, तर दोष गिलाव्यात किंवा खिळ्याच्या लांबीत आहे. खिळा जागच्या जागी, न वाकता उभा आहे आणि तरीही थाळी खाली आली, तर भिंतीकडे पाहण्याची गरजच नाही, कारण तेथे पकड, तार किंवा मागे चिकटवलेली चकती सुटलेली असते.

काही थाळ्या पडत नाहीत, पण दर चार-आठ दिवसांनी फिरून तिरक्या होतात. काहींच्या काठावर, पकडीच्या नख्या जेथे टेकतात तेथे, केसासारखी बारीक चीर पडते. आणि काही ठिकाणी थाळी काढल्यावर मागे भिंतीला पांढरी लव, पोपडे किंवा काळपट डाग दिसतात, म्हणजे भिंतीला ओल येऊन लोणा लागलेला असतो. या शेवटच्या लक्षणासोबत दुसरे कोणतेही लक्षण असले, तरी ओलीचा विचार आधी करावा; बाकीचे दोष बहुधा तिच्यातूनच आलेले असतात.

पहिली तपासणी: थाळीचे वजन

यासाठी घरातला स्वयंपाकघराचा काटा पुरतो. थाळी हातात घेऊन वजनाचा अंदाज करण्यात माझी स्वतःची चूक अनेकदा झाली आहे, विशेषतः धातूच्या थाळ्यांच्या बाबतीत. पितळ पाण्याच्या साधारण साडेआठपट जड असते. त्यामुळे ३० सेंमी व्यासाची आणि १ मिमी जाडीची सपाट पितळी थाळी सुमारे ६०० ग्रॅम भरते, तर तीच २ मिमी जाडीची असेल तर सुमारे १२०० ग्रॅम. दोन्ही समोरून सारख्याच दिसतात. बिदरची बिदरी थाळी जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूची ओतीव, म्हणून जाड असल्याने आकाराच्या मानाने जड लागते. जयपूरची निळी भांडी नेहमीच्या मातीची नसून मुख्यतः गारगोटीच्या भुकटीपासून बनवतात. ती वजनाने फार नसली तरी ठिसूळ असतात आणि काठाला लवकर टवका जातो.

वजन थाळीच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवावे. हुकाच्या किंवा चकतीच्या पाकिटावर जी मर्यादा छापलेली असते, तिच्या निम्म्यापेक्षा अधिक वजन त्यावर देऊ नये, असा माझा नियम आहे. ती मर्यादा गुळगुळीत, स्वच्छ आणि घट्ट पृष्ठभाग गृहीत धरून दिलेली असते, आणि आपल्या घरातील भिंती तशा क्वचितच असतात.

दुसरी तपासणी: पकड आणि चकती

तारेच्या पकडीला दोन स्प्रिंगा आणि काठाला धरणाऱ्या चार नख्या असतात. मोकळी असताना पकड थाळीपेक्षा लहान असली पाहिजे आणि थाळीवर चढवताना स्प्रिंग थोडी ताणली गेली पाहिजे. ती अजिबात ताणली जात नसेल, तर पकड मोठी आहे आणि थाळी एखाद्या धक्क्याने निसटेल. ती पुरती ताणून सरळ झाली असेल, तर पकड लहान आहे आणि तो सगळा ताण काठावरच्या चार बिंदूंवर येत राहील. चिनी माती दाब चांगला सहन करते, पण वाकवणारा ताण तिला सोसत नाही. काठावर केसासारखी चीर पडते ती यामुळेच. नख्यांवर प्लास्टिकची नळी असलेली पकड घ्यावी, नसेल तर सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी लहान लहान कापून नख्यांवर चढवावी.

पकड चढवल्यावर पलंगावर घडी घातलेली जाड सोलापुरी चादर अंथरावी आणि तिच्यावर वीतभर उंचीवर थाळी वरच्या कडीने धरून दोन-चार वेळा हलवावी. येथे सुटली तर ती चादरीवर पडेल, आणि भिंतीवर ती कधी ना कधी सुटणारच होती हे कळेल.

मागे चिकटवण्याची चकती पाण्याने ओली करून लावतात. ती सुटण्याची कारणे दोनच आढळतात. एक तर थाळीच्या पाठीवर तेलकटपणा असतो, किंवा चकती लावल्यावर पुरेसा वेळ थांबलेले नसते. पाठ साबणाने धुवावी, पूर्ण वाळवावी, चकतीचा गोंद चिकट होईपर्यंत ओला करावा, दाबून बसवावी आणि थाळी पालथी ठेवून किमान २४ तास हात लावू नये. चकती मध्यभागी न लावता मध्याच्या वर लावावी, म्हणजे थाळीचे बहुतेक वजन टांगण्याच्या बिंदूखाली राहते आणि ती सहजासहजी फिरत नाही. बिदरी किंवा जुन्या कोरीव पितळी थाळीवर मी चकती लावत नाही. काढताना पृष्ठभागावर डाग राहतो.

तिसरी तपासणी: बोट, सेलोटेप आणि संध्याकाळची भिंत

चिकटवायचे हुक वापरत असाल, तर ही तपासणी सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिला खर्च नाही. प्रथम कोरडे बोट भिंतीवर जोर देऊन फिरवावे. बोटाला पांढरी भुकटी लागली, तर त्या भिंतीवर जगातला कोणताही गोंद थाळी धरून ठेवणार नाही. बोट स्वच्छ राहिले तर वीतभर सेलोटेप भिंतीवर अंगठ्याने घासून चिकटवावी, एक मिनिट थांबावे आणि एका झटक्यात ओढावी. टेपच्या पाठीवर रंगाचे कण आले, तर निकाल तोच.

चुन्याची सफेदी आणि जुने डिस्टेंपर काही वर्षांनी भुकटी सोडू लागतात. वरून नवा रंग दिला की भिंत नव्यासारखी दिसते, परंतु तो नवा थर जुन्या भुकटीवरच बसलेला असतो. नणंदेच्या फ्लॅटमध्ये दिवाळीपूर्वी रंगकाम झाले होते आणि तेथे तीन हुक एकापाठोपाठ एक पडले. प्रत्येकाच्या पाठीवर वर नवा फिकट पिवळा आणि त्याखाली जुना निळा असे दोन थर होते. रंगाऱ्याने भिंत खरवडली नव्हती. नव्या रंगावर हुक लावण्याची घाईही नडते. रंग हाताला कोरडा लागला तरी त्याला पुरता घट्ट होण्यास वेळ लागतो, म्हणून किमान एक आठवडा थांबावे.

उष्णतेचे कारण आपल्या गावात वेगळे लक्षात घ्यावे लागते. चिकटपट्टीच्या अनेक पाकिटांवर ४० अंश सेल्सिअसपर्यंतचीच मर्यादा छापलेली असते, आणि सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा ती ओलांडतोच. पश्चिमेची भिंत दुपारभर ऊन पिते आणि तिची उष्णता आतल्या बाजूला संध्याकाळी व रात्री पोहोचते. म्हणून अनेकांच्या थाळ्या भर दुपारी न पडता रात्री जेवणानंतर पडतात आणि कारण कळत नाही. उन्हाळ्यात संध्याकाळी सातच्या सुमारास तळहात भिंतीवर ठेवून पाहावा. भिंत हाताला गरम लागली, तर ती हाताच्या त्वचेपेक्षा अधिक तापलेली आहे, आणि अशा भिंतीवर चिकटपट्टीने काही टांगू नये.

माझे मत मी येथे स्पष्टच सांगते. आतल्या, सावलीतल्या, तेलरंग दिलेल्या गुळगुळीत भिंतीवर हलकी मेलामाइनची बशी सोडली, तर सोलापूरच्या घरात चिकट हुकावर थाळी लावू नये. चिनी मातीची आणि आठवणीची थाळी तर मुळीच नको.

चौथी तपासणी: नाण्याची टिचकी

खिळा ठोकण्यापूर्वी भिंत ऐकावी. एक रुपयाचे नाणे किंवा स्क्रू ड्रायव्हरची मूठ घेऊन जागेभोवती हातभर परिसरात हलके ठोकत जावे. गिलावा विटेला धरून असेल तेथे आवाज टणक येतो. तो सुटलेला असेल तेथे भद्द, पोकळ आवाज येतो. आवाज जेथे बदलतो तेथे पेन्सिलने खूण करत गेल्यास पोकळ भागाचा आकारच भिंतीवर उमटतो.

आतला गिलावा साधारण १२ ते १५ मिमी जाड असतो. तो विटेपासून सुटला असेल, तर त्यात ठोकलेला खिळा म्हणजे नुसत्या पापडात खोवलेली काडी. काँक्रीटच्या खांबावर गिलावा चढवण्यापूर्वी पृष्ठभाग छिन्नीने खरबरीत केला नसेल, तर तेथे तो हमखास सुटतो. खांब आणि विटांची भिंत जेथे मिळतात तेथे अनेक फ्लॅटमध्ये उभी बारीक भेग दिसते. त्या भेगेपासून वीतभर तरी दूर राहावे. पोकळ भाग तळहाताएवढा असेल तर जागा बदलावी, एवढाच उपाय पुरे. तो परातीएवढा किंवा त्याहून मोठा असेल, तर स्वतः काही न करता गवंड्याला दाखवावे. तेवढा गिलावा पडला तर थाळीपेक्षा माणसाला लागण्याची भीती अधिक असते.

पाचवी तपासणी: खिळा

खिळा दोन बोटांत धरून हलवावा. तो किंचितही हलत असेल, तर त्याच भोकात जाड खिळा ठोकू नये. भोक आधीच आतून नरसाळ्यासारखे रुंद झालेले असते आणि जाड खिळा ते आणखी फोडतो. अंबुराने खिळा काढून त्याची लांबी मोजावी. एक इंची खिळ्याचा म्हणजे २५ मिमीचा निम्म्याहून अधिक भाग गिलाव्यातच राहतो, काही भाग टांगण्यासाठी बाहेर राहतो आणि विटेत उरतात ते जेमतेम चार-पाच मिलीमीटर. इतक्या पकडीवर अर्धा किलोची थाळी वर्षभर राहिली, तर ते नशीबच म्हणावे.

खिळा किती बाहेर ठेवला आहे तेही पाहावे. बाहेर राहिलेला भाग तरफेसारखा काम करतो. तो जितका लांब, तितके थाळीचे वजन आतल्या गिलाव्याला अधिक उचकटते. खोलगट थाळ्यांसाठी लोक मुद्दाम खिळा लांब बाहेर ठेवतात. त्याऐवजी कडी उंच बांधून खिळा आत घ्यावा. टोक किंचित खाली आणि डोके वर अशा तिरक्या कोनात खिळा बसवला, तर कडी आतल्या बाजूला सरकून राहते.

लाकडी गिट्टीबद्दल, म्हणजे स्क्रू धरण्यासाठी भोकात ठोकलेल्या लाकडाच्या तुकड्याबद्दल, थोडे सांगितले पाहिजे, कारण जुन्या घरांत ती सर्रास आढळते. पावसाळ्यात ठोकलेली लाकडी गिट्टी त्या वेळी दमट आणि फुगलेली असते. मार्चनंतरच्या कोरड्या हवेत ती आकसते, भोकात सैल होते आणि स्क्रूसकट हाताने निघते. सासूबाईंच्या माहेरून आलेली पितळी थाळी आमच्या घरी दोन वर्षे एप्रिल महिन्यातच पडली, त्याचे कारण हे होते. काडेपेटीच्या काड्या भोकात कोंबून स्क्रू घट्ट करण्याचा उपायही याच कारणाने टिकत नाही.

सहावी तपासणी: ओल

ड्रिल मशीन हातात घेण्यापूर्वी ही तपासणी करावी, कारण ओल्या भिंतीत पाडलेले भोक वाया जाते. पातळ प्लास्टिकचा फूटभर चौकोन भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करावा आणि दोन दिवसांनी पाहावा. भिंतीकडच्या बाजूला दव साचले असेल, तर ओल भिंतीतून येते. दव बाहेरच्या बाजूला असेल, तर ती खोलीतल्या हवेची आहे.

भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर आहे का, वर गच्चीत टाकी भरून वाहते का, किंवा ओल जमिनीपासून वर चढत आली आहे का, हे तीन प्रश्न विचारले की मूळ बहुधा सापडते. ओलीसोबत क्षार वर येतात, पाणी उडून गेल्यावर त्यांचे स्फटिक होतात आणि ते गिलाव्याला आतून ढकलतात. लोणा घासून वरून रंग दिल्याने ते थांबत नाही. पाण्याचे मूळ बंद करून भिंत पुरती वाळेपर्यंत तेथे थाळी लावू नये.

सातवी तपासणी: भोक, भुकटीचा रंग आणि गिट्टी

येथून पुढे हत्यार लागते आणि धोका सुरू होतो. बटणांच्या बोर्डापासून वायर बहुतेक सरळ वर, सरळ खाली किंवा आडवी गेलेली असते. म्हणून बोर्डाच्या नेमक्या वर, खाली किंवा शेजारच्या आडव्या रेषेत भोक पाडू नये. वायर कोठून गेली आहे याचा अंदाजच येत नसेल, तर वायरमनला बोलवावे. नळाच्या वरच्या पट्ट्यातही भोक नको.

डोळ्यांवर चष्मा असावा. ६ मिमीच्या बिटावर ५० मिमी अंतरावर चिकटपट्टीची खूण करावी आणि गिलाव्यातून जाताना मशीनचा हातोडीचा ठोका बंद ठेवावा. ठोक्याने गिलावा हादरून सुटतो. खाली कागदाची पुडी धरून भुकटी गोळा करावी. प्रथम करडी-पांढरी भुकटी येते, ती गिलाव्याची. त्यानंतर लाल आली तर वीट आहे आणि काम सोपे आहे. करडीच येत राहिली आणि बिट नेटाने पुढे सरकेना, तर काँक्रीट आहे. पांढुरकी, हलकी भुकटी भराभर आली, तर नव्या इमारतींतला हलका सिमेंटचा ब्लॉक आहे. त्यात ठोका वापरू नये आणि त्या ब्लॉकसाठी बनवलेली नायलॉनची गिट्टीच घ्यावी. बिट अचानक आत गेले आणि तपकिरी माती आली, तर मशीन बाजूला ठेवून पुढचा भाग वाचावा. काँक्रीटमध्ये लोखंडाचा आवाज आला तर जोर लावू नये. ती सळई असते. दोन इंच बाजूला सरकावे.

भोकातली भुकटी पंपाने किंवा ब्रशने काढून टाकावी, कारण भुकटीवर बसलेली गिट्टी गोल फिरते. आता माझ्या अनुभवात सर्वाधिक वेळा होणारी चूक. लोक गिट्टी भिंतीच्या पृष्ठभागाशी समतल ठेवतात. तशी ठेवल्यास तिचा निम्मा भाग गिलाव्यात येतो, स्क्रू आवळताना गिट्टी फुगते आणि गिलाव्याला आतून फोडते. गिट्टी खिळ्याने आणखी आत लोटावी, म्हणजे ती पूर्णपणे विटेत बसेल, आणि त्या हिशेबाने ५० ते ६० मिमी लांबीचा ८ नंबरचा स्क्रू घ्यावा. स्क्रू शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत जड जायला हवा. तो अखेरपर्यंत सहज फिरत असेल, तर भोक मोठे झाले आहे आणि नवे भोक किमान चार बोटे दूर पाडावे.

थाळी लगेच लावू नये. थाळीच्या दुप्पट वजनाची ज्वारी कापडी पिशवीत भरून ती स्क्रूवर एक दिवस आणि एक रात्र टांगावी. दुसऱ्या दिवशी स्क्रूभोवती नवी भेग नसेल आणि तो खाली झुकला नसेल, तर थाळी लावावी.

दगडमातीच्या भिंती

सोलापूरच्या जुन्या पेठांतले वाडे आणि आसपासच्या गावांतली माळवदाची घरे यांच्या भिंती दोन-दोन फूट जाड असतात. बाहेरून आणि आतून दगडांचे दोन पदर आणि मध्ये माती व खडीची भर, अशी त्यांची रचना असते. अशा भिंतीत खिळा सहज शिरतो आणि म्हणूनच फसगत होते. तो दगडात न जाता दोन दगडांमधल्या मातीच्या दर्जेत गेलेला असतो आणि तितक्याच सहज बाहेर येतो. गिट्टी बसवावी तर माती तिला दाब देत नाही. सैल झालेले भोक सिमेंटने भरणे त्याहून वाईट, कारण सिमेंटचा कडक गोळा भोवतीच्या मऊ मातीशी एकजीव होत नाही, ओल अडवून धरतो आणि काही काळाने भोवतीची माती घेऊन सगळाच निखळतो. भोक बुजवायचेच असेल, तर चुना आणि बारीक वाळूने बुजवावे.

ज्यांनी ही घरे बांधली त्यांनी टांगण्याची सोय आधीच करून ठेवली होती, हे मला मामांच्या वाड्यात उशिरा कळले. भिंत रचतानाच दगडांत खोलवर बसवलेल्या लाकडी खुंट्या, भिंतीतले कोनाडे आणि माथ्यावरची तुळई या जागा भार घेण्यासाठीच आहेत. खुंटी हलत नसेल आणि तिला वाळवी लागलेली नसेल, तर जड पितळी थाळी तिच्यावर निर्धास्त टांगावी. चिनी मातीच्या थाळ्या कोनाड्यात लहान घडवंचीवर तिरक्या उभ्या ठेवाव्यात. मामांकडे पाच थाळ्या एका ओळीत हव्या होत्या, तेव्हा आम्ही भिंतीला एकही भोक न पाडता सुताराकडून सागवानी पट्टी करून घेतली, ती तुळईपासून दोन साखळ्यांनी भिंतीलगत सोडली आणि थाळ्यांचे स्क्रू त्या पट्टीत बसवले. त्यानंतर तेथे एकही थाळी पडलेली नाही.

आठवी तपासणी: कंपन

सर्व काही ठीक असूनही थाळी फिरत असेल, तर तिच्या काठाशी भिंतीवर पेन्सिलची बारीक रेघ मारून आठवडाभर पाहावे. दाराच्या आपटण्याने किंवा पंख्याच्या वाऱ्याने फिरत असेल, तर थाळीच्या पाठीला खालच्या बाजूस जाड नमद्याचे, म्हणजे दाबून केलेल्या लोकरी कापडाचे, दोन तुकडे चिकटवले की ती भिंतीला टेकून स्थिर होते.

पूर्व भागात प्रश्न वेगळा आहे. चादरी आणि टॉवेल विणणारे यंत्रमाग जेथे शेजारच्या खोलीत किंवा सामाईक भिंतीपलीकडे चालतात, तेथे धोट्याच्या प्रत्येक फेकीचा आणि फणीच्या प्रत्येक ठोक्याचा हादरा भिंतीत उतरतो. भिंतीला लागून असलेल्या फळीवर पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी ठेवावी. माग सुरू होताच पाण्यावर तरंग उठले, तर कारण सापडले. एका खिळ्यावरची थाळी अशा भिंतीवर फिरतच राहते, आणि स्क्रूही हळूहळू उलटा सुटतो. उघड्या खिळ्याऐवजी तोंड बंद होणारा आकडा वापरावा, स्क्रूखाली रबरी वॉशर घालावा आणि थाळी दोन बिंदूंवर टांगावी. मैत्रिणीच्या घरी हे सगळे करूनही सहा महिन्यांत आकडा सैल झाला, म्हणून अखेर आम्ही थाळ्या मागांपासून दूरच्या आतल्या भिंतीवर नेल्या. तेथे जागा बदलणे हाच योग्य उपाय होता आणि तो आम्ही आधीच करायला हवा होता.

कोठे थांबावे

ड्रिल करताना ठिणगी उडाली, मुख्य बटण पडले किंवा भिंतीला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर मुख्य बटण बंद करून वायरमनला बोलवावे आणि तो येईपर्यंत भोकात काही घालू नये. भोकातून पाणी आले, तर पाण्याची मुख्य तोटी बंद करून प्लंबरला बोलवावे.

भेगांच्या बाबतीत अधिक सावध असावे. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि उथळ पायाची घरे तिच्यासोबत हलतात. रंगातली केसासारखी भेग वेगळी. पण भेग दाराच्या किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघाली असेल, विटांच्या सांध्यांमधून पायऱ्यांसारखी चढत असेल, किंवा तिच्यात एक रुपयाचे नाणे शिरत असेल, तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहावी. महिन्याभरात ती खुणेपुढे गेली, तर हा थाळीचा प्रश्न राहिलेला नाही. स्थापत्य अभियंत्याला घर दाखवावे.

दगडमातीच्या भिंतीला ओळंबा लावून पाहणे कुणालाही जमते. माथ्यापाशी दोन बोटांची काडी बाहेर काढून तिच्यावरून दोरी सोडावी, खाली वजन बांधावे आणि दोरी स्थिर झाल्यावर ती भिंतीपासून वर, मध्ये आणि खाली किती अंतरावर आहे ते मोजावे. मध्ये भिंत दोरीकडे आलेली दिसली, तर आतला पदर बाहेरच्या पदरापासून सुटून फुगत आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या अशाच जाड दगडी भिंती कोसळून हजारो माणसे दगावली, आणि तो हादरा सोलापुरातही जाणवला होता. फुगलेल्या भिंतीत एकही खिळा ठोकू नये, असलेले खिळे उपटू नयेत, तिच्याखाली कुणाचे अंथरूण असेल तर ते त्याच दिवशी हलवावे आणि अभियंत्याला बोलवावे. भिंतीवरच्या थाळ्या हलक्या हाताने उतरवून घ्याव्यात, एकेक जुन्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळावी आणि पेटीत एकावर एक न रचता काठावर उभ्या ठेवाव्यात, मध्ये मध्ये कापडाची घडी घालून.